राजवाडा बंद असल्याचे सांगून म्हैसूरमध्ये 11,350 रुपयांना फसवणूक

म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्यासमोर उभे असताना तो बंद असल्याचे एका रिक्षावाल्याने सांगितले आणि मी ते खरे मानले, हे लिहितानाही लाज वाटते. ‘पूजा चालू आहे, एक वाजता उघडेल, तोवर पन्नास रुपयांत बाजार दाखवतो,’ असे तो अत्यंत अदबीने म्हणाला. नवरात्रात राजघराण्याच्या खासगी पूजेसाठी राजवाडा काही वेळ पर्यटकांना बंद असतो, हे ठाऊक असल्यामुळे मला ते पटले; महिना जानेवारीचा आहे, हे मात्र सुचले नाही. त्याच वेळी शाळेच्या मुलांची रांग वराह दरवाजातून आत जात होती. पत्नीने ती मला दाखवली, तेव्हा ‘शाळांची वेगळी सोय असेल’ हे उत्तर रिक्षावाल्याने नव्हे, मीच तिला दिले.

पुढचे जाणत्यांनी ओळखलेच असेल: तो आम्हाला एका दुकानात घेऊन गेला. चंदनतेलाची 10 मिलीची कुपी 2,650 रुपये, ‘अस्सल म्हैसूर सिल्क’ साडी 8,400 रुपये आणि रिक्षाचे पन्नासऐवजी 300 रुपये. दुकानदाराने धागा जाळून रेशमाचा वास दाखवला. तो धागा साडीचा नव्हता, टेबलावरच्या रिळाचा होता. माझे वडील आयुष्यभर मागावर बसले, सोलापुरी चादरीची नक्कल मी नुसत्या हाताने ओळखतो. पण अंधूक उजेड आणि ‘राजवाडा उघडायची वेळ झाली’ ही घाई यांपुढे ते ज्ञान चालले नाही. घरी पदराचा धागा जाळला, तर त्याची वितळून काळी गुठळी झाली, म्हणजे ते रेशीम नव्हतेच. धागा नेहमी आपल्या हाताने, त्याच वस्त्रातून काढावा.

राजवाडा दहापासून उघडाच होता, हे तिकीट खिडकीवर कळले. राजवाड्याची वेळ फक्त तिथेच विचारावी. तक्रार द्यायला गेलो, तर म्हैसूरच्या पोलिसांनी दोन तास बसवून ‘खरेदी तुम्ही स्वेच्छेने केली’ असे सुनावले आणि तेवढ्यात परतीच्या गाडीची वेळ झाली. घरी, सोलापुरात, पोलिसांनी ‘घटना आमच्या हद्दीतली नाही’ म्हणून परत पाठवले. दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस थेट सुरू करू शकतात) खबर हद्द न पाहता नोंदवण्याची तरतूद 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या नव्या कायद्यातच, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, आहे, हे मी दाखवल्यावर ‘साहेब, एवढ्याशा रकमेसाठी म्हैसूरला हेलपाटे घालणार का?’ असा उलट प्रश्न मिळाला. 11,350 रुपये एवढीशी रक्कम कोणाची, हे विचारायचे राहून गेले. ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातून तक्रार करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते. पण माझ्याजवळ दुकानाचे नाव किंवा जीएसटी क्रमांक नसलेले कच्चे बिल आहे. पक्के बिल मिळत नसेल, तर पाकीट बाहेर काढू नये.

पत्नीने ती साडी एकदाही नेसलेली नाही आणि राजवाड्यातल्या कल्याण मंडपाच्या छतावरचे रंगीत काचेतले मोर आम्ही अजून पाहिलेले नाहीत.