वाड्यातली थंडी: शेगडी, पडदा की रजई?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या वाड्याचे दोन-चार खण ज्यांच्या वाट्याला आलेत, त्यांना पौष लागला की एकच हिशेब सुचतो: थंडीसाठी पैसे घालायचे तर कशावर? पुण्याचे पाहुणे एका शालीवर येतात आणि दुसऱ्या दिवशी आपलाच स्वेटर मागतात. जानेवारीत रात्रीचा पारा पाच-सहा अंशांवर, कधी त्याच्याही खाली जातो, आणि धुकं बसलं की दुपारीही ऊन दिसत नाही. त्यात वाडे बांधले ते उन्हाळ्याच्या हिशेबाने. मधे उघडा चौक, उंच छत, जाडजूड दगडी भिंती, वर पटिया, म्हणजे छताच्या दगडी लाद्या. मे महिन्यात जी भिंत उपकार करते, तीच हिवाळ्यात दिवसभर गारठा धरून बसते.

आधी शेगडीचं बघू, कारण घरातली वडीलधारी मंडळी तिचंच नाव घेणार. तिची खरी खुबी अशी की तिची धग अंगावर थेट पडते, हवा तापायची वाट बघावी लागत नाही. वारा वाहत असला तरी हात शेकले जातात. ओसरीत किंवा चौकात चार माणसं भोवती बसली तर तिच्यासारखी मजा नाही. खोलीत मात्र मी तिच्या पूर्ण विरोधात आहे. धूर गेला, निखारे लालबुंद झाले, आता भीती नाही, असं समजून लोक ती आत नेतात. पण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. उत्तरेकडे दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

पूर्वीच्या माजघरांत शेगडी निभावली ती बरीचशी दाराखालच्या फटींच्या जिवावर. म्हणजे शेगडी हवी तर वारा सोसा, वारा अडवायचा तर शेगडी बाहेर काढा. दोन्ही एका खोलीत नांदत नाहीत. आणि फटी आहेत म्हणून शेगडी आत चालेल, असाही अर्थ काढू नका.

माझं मत वारा अडवण्याच्या बाजूने. उत्तरेतल्या हवेल्यांत हिवाळ्यात दारांवर रुई भरलेले पडदे टांगत, ती युक्ती आजही सगळ्यात स्वस्त पडते. जुनी, गठळ्या झालेली रजई फेकू नका, तिचाच पडदा होतो. दारापेक्षा दोन्हीकडे वीतभर रुंद ठेवा आणि खाली चार बोटं जमिनीवर लोळू द्या. खालच्या काठात वाळूची बारीक नळी शिवली तर तो हलत नाही. शिवण्याआधी एक उदबत्ती लावून दाराच्या कडेने फिरवा. धूर जिथे आडवा पळतो तिथून वारा येतोय. बहुतेकदा तो उंबऱ्याशी आणि दोन झडपांच्या सांध्यात सापडतो. युरोपातल्या गढ्यांमध्ये दगडी भिंतींवर लोकरी पट टांगत, त्यातही शोभेबरोबर हा हिशेब होता. आपण पलंगाच्या बाजूच्या भिंतीला नुसती जाड सतरंजी लावली तरी अंगाला जाणवतं. मच्छरदाणीच्या दांड्यांवर जुन्या साड्या दुहेरी करून सोडल्या तर खोलीत खोली तयार होते. दिसायला थोडं नाटकाच्या रंगमंचासारखं दिसतं, हे कबूल.

रजईला तोड नाही, पण ती नीट वापरली तर. ऊब कापसात नसते, कापसाने अडवलेल्या हवेत असते. म्हणून दोन-तीन वर्षांनी ती पिंजून घ्यावी आणि ऊन मिळेल तेव्हा गच्चीवर टाकावी. जड ब्लँकेट रजईच्या वर टाकलं की रुई दबते, ते खाली घ्या. आणि निवारीच्या, म्हणजे सुती पट्ट्यांनी विणलेल्या, पलंगावर झोपत असाल तर सगळी थंडी खालून येते. वर तिसरं पांघरूण घेण्याआधी गादीखाली एक गोधडी घाला.

पायांसाठी तापवलेली वीट की रबरी पिशवी? पिशवी. सारख्याच वजनाचं, तेवढंच तापवलेलं पाणी विटेच्या जवळजवळ पाचपट उष्णता साठवतं. टॉवेलात गुंडाळून झोपायच्या आधी अर्धा तास अंथरुणात ठेवा. तान्ह्या बाळाजवळ किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायांशी ती नकोच, भाजलेलं कळत नाही. काश्मिरी कांगडीची, म्हणजे अंगाशी धरायच्या निखाऱ्यांच्या मडक्याची, हौसही नको. वर्षानुवर्षं कातडी भाजून होणाऱ्या कर्करोगाला तिचंच नाव पडलंय. जपानी कोतात्सूची कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे: बुटक्या टेबलावरून रजई सोडायची, पाय आत घालायचे. पूर्वी त्यात निखारे असत, आपण गरम पाण्याची पिशवी ठेवू. परीक्षेच्या दिवसांत मुलांना याचा फार उपयोग.

उंच छताच्या खोलीत ब्लोअर, म्हणजे गरम हवा फेकणारा विजेचा हीटर, लावणं म्हणजे पटिया तापवणं, आणि २००० वॅटचा असेल तर तासाला दोन युनिट. फक्त न्हाणीघरासाठी मी तो घ्या म्हणेन. खोली लहान, अंग उघडं, काम पंधरा मिनिटांचं. अर्धा युनिट जाईल. आंघोळीआधी खोली तापवून घ्या आणि पाणी अंगावर घेण्यापूर्वी तो बंद करून बाहेर ठेवा.