मुलांचा पेप मास्क: वर्षभराच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. घरात सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, फुप्फुसात घट्ट कफ साचवणारा जन्मजात आजार) असलेलं तीन-चार वर्षांचं मूल असेल आणि छाती मोकळी करायला नेमकं काय घ्यावं या विचारात असाल, तर लाखांतलं थरथरणारं जॅकेट तूर्त बाजूला ठेवा आणि आधी पेप मास्क (श्वास सोडताना हवा अडवून दाब तयार करणारा मास्क) वापरून बघा. मात्र तो फिजिओने मुलाला समोर बसवून, दाब मोजून दिलेला हवा. ऑनलाइन मागवला आणि लावला तोंडाला, असं करू नका. आम्ही वर्षभर दिवसातून दोनदा तो वापरतोय. लेकीला नुकतीच चार पूर्ण झाली. मास्कसोबत नेब्युलायझर आहे, मिठाचं पाणी आहे, बुडबुड्यांची बाटली आहे. त्या सगळ्यांबद्दलच लिहिते, कारण हा मास्क घरात एकटा येत नाही, सगळा संसार घेऊन येतो.

नव्याने निदान झालेल्यांसाठी थोडं मागचं. या आजाराचं जनुक, सीएफटीआर, सातव्या गुणसूत्रावर आहे आणि ते सापडलं 1989 साली. त्यात दोष असला की पेशीतून क्लोराइडची ये-जा बिघडते, श्वासनलिकांच्या आतला पाण्याचा पातळ थर कमी होतो आणि कफ घट्ट होऊन चिकटून बसतो. त्यात जंतू घर करतात. घामाच्या तपासणीत क्लोराइड लिटरमागे 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं तर निदान जवळजवळ पक्कं समजतात. आपल्याकडे तिथवर पोचायलाच वेळ लागतो. आमचं आधी बाळदमा झालं, मग टीबीच्या तपासण्या झाल्या, आणि मग एका डॉक्टरांनी विचारलं, "बाळाचा पापा घेतला की खारट लागतं का हो?" लागायचं. आम्हाला वाटायचं, साताऱ्याचा उन्हाळा, घाम येतोय.

मास्क येईपर्यंत सगळा कारभार हातावर होता. तळवा वाटीसारखा करून छातीवर, पाठीवर, कुशीवर थोपटायचं, अंगावर कपड्याचा एक पदर ठेवून, जेवणाआधी किंवा जेवणानंतर निदान दीड-दोन तासांनी. बरोबर जमलं की पोकळ आवाज येतो, चुकलं की चापट मारल्यासारखा. अगदी तान्ह्या बाळाला आपला तळवा मोठा पडतो, म्हणून फिजिओने भूल देण्याचा छोटा गोल मास्क उलटा धरून थोपटायला शिकवलं होतं. समोरच्या काकू एकदा दारात येऊन म्हणाल्या, "काय गं, रोज सकाळी पोरीला मारतेस की काय?" आता त्याच काकू आमचं मशीन बंद पडलं तर त्यांच्या इन्व्हर्टरची वायर खिडकीतून टाकतात.

एक गोष्ट इथे ठासून सांगते, कारण जुने व्हिडिओ अजून फिरतात. त्यांत बाळाला मांडीवर डोकं खाली करून झोपवलेलं दिसतं. तसं करू नका. मेलबर्नमध्ये ब्रेंडा बटन या फिजिओथेरपिस्टच्या गटाने 1990 च्या दशकातच दाखवून दिलं की डोकं खाली केल्याने या बाळांच्या पोटातलं वर येण्याचं प्रमाण वाढतं. आमच्या फिजिओने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: आडवं, कुशीवर किंवा बसवून, पण डोकं खाली नाही.

थोपटणं वाईट नाही. पण दोन वर्षांच्या पुढे पोर पळायला लागते, आणि थोपटताना सगळं काम आपलं, तिचं काहीच नाही. मास्कचा खरा फायदा इथे आहे. यात श्वास तिला घ्यायचाय.

वस्तू साधी आहे. मऊ कडेचा मास्क, त्यामागे एकेरी झडप आणि श्वास बाहेर जाण्याच्या वाटेवर बारीक भोकाचा एक तुकडा, ज्याला रेझिस्टर म्हणतात. साधारण दीड ते पाच मिलिमीटरपर्यंतच्या वेगवेगळ्या भोकांचे तुकडे मिळतात. आत घेताना हवा सहज येते, सोडताना अडते. त्या अडण्याने श्वासनलिका मिटत नाहीत, हवा शेजारच्या बारीक वाटांनी कफाच्या मागे पोचते आणि त्याला पुढे ढकलायला मदत करते. फिजिओने दाबमापक जोडून एकेक तुकडा लावून पाहिला. श्वास सोडतानाच्या मधल्या टप्प्यात काटा 10 ते 20 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाच्या मध्ये टिकला पाहिजे. भोक मोठं असलं तर काटा हलतच नाही. फार लहान असलं तर पोर लाल होऊन जोर लावते. आमच्याकडे तिसरा तुकडा बसला. म्हणूनच म्हणते, हे घरी अंदाजाने करायचं काम नाही.

रोजचा प्रकार असा. ती टेबलाशी बसते, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवते, मास्क मी धरते. नेहमीपेक्षा किंचित मोठा श्वास, मग सावकाश, थोडा जोर लावून सोडायचा. असे दहा-बारा श्वास झाले की मास्क खाली आणि "हफ". तोंड उघडं, गळा मोकळा, हवा पोटातून बाहेर. खोकला नव्हे. हे लहान मुलाला तोंडी समजावणं अवघड, म्हणून हातात छोटा आरसा द्यायचा आणि काचेवर धुकं काढायला सांगायचं. आमची बाई धुकं काढून त्यात बोटाने मांजर काढते, त्यामुळे वेळ जातो, पण हफ अचूक होतो. मग खोकला येतोच. असे पाच-सहा फेरे. सगळं वीस मिनिटांत उरकतं, मूड असेल तर. नसेल तर किती, ते विचारू नका.

कफ बाहेर पडलेला दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. या वयात मुलं थुंकत नाहीत, गिळतात. गिळलं तरी चालतं. म्हणूनच जंतू तपासायला डॉक्टर घशाचा स्वॅब घेतात. मला फरक कळला तो हाताने. सकाळी उठल्यावर पाठीवर हात ठेवला की जी घुरघुर हाताला लागायची, ती मास्क झाल्यावर बहुतेक दिवस लागत नाही. मात्र चमत्कार समजू नका. हिवाळ्यात शाळेतून सर्दी आणली आणि प्रतिजैविकांचा पूर्ण दोन आठवड्यांचा कोर्स झालाच. त्या दिवसांत दोनऐवजी तीन-चारदा करायला सांगतात, आणि नेमकं तेव्हाच मूल सगळ्यात वैतागलेलं असतं.

उणं काय? मास्कची कड गालाला नीट बसली नाही की हवा बाजूने निसटते आणि दाब तयार होत नाही. मूल मात्र अगदी मन लावून श्वास घेत असतं. चेहरा वाढतो तसा मास्क बदलावा लागतो. झडपेची ती पातळ चकती सुटी मागवली तर विक्रेत्याने आम्हाला आठवडेच्या आठवडे टोलवलं, शेवटी फिजिओनेच मिळवून दिली. घेतानाच एक जास्तीची मागून ठेवा. दाबमापक पाण्यात बुडवायचा नसतो, हे पेटीवर बारीक अक्षरांत असतं.

बुडबुड्यांची बाटली प्रवासात आणि रुसव्याच्या दिवशी कामाला येते. बाटलीत तळापासून 10 सेंटिमीटर पाणी, तळापर्यंत पोचणारी नळी, आणि फुंकत राहायचं. दाब पाण्याच्या उंचीने ठरतो. पण अट अशी की नळी आतून निदान 8 मिलिमीटर रुंद हवी आणि हवा बाहेर पडायला बाटलीचं तोंडही मोकळं हवं. शहाळ्याची स्ट्रॉ चालत नाही. बारीक नळीत दाब नको तितका वाढतो. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले की फेस बाटलीबाहेर येतो, म्हणून खाली परात ठेवते. फेस परातीत सांडला की ती जिंकली. एकच काळजी: मूल ओढतंय की फुंकतंय ते बघा. आणि पाणी दर वेळी ओतून टाका.

आता नेब्युलायझर. आमचा क्रम डॉक्टरांनी ठरवून दिलाय: आधी श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामोलचे पफ, मग मिठाच्या पाण्याची वाफ, मग मास्क, आणि इनहेल करायचं प्रतिजैविक चालू असेल तर ते सगळ्यात शेवटी, छाती मोकळी झाल्यावर. मिठाचं पाणी कफाकडे पाणी ओढून घेतं. 3 टक्क्यांचं आमच्या गावातल्या दुकानातही मिळतं, 7 टक्क्यांचं मागवावं लागतं. पहिला डोस दवाखान्यातच देतात, कारण काहींच्या श्वासनलिका त्याने आवळतात. फायदा किती, यावर डॉक्टरांना मी छेडलं होतं. त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या. 2012 च्या एका मोठ्या चाचणीत सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये 7 टक्क्यांच्या पाण्याने संसर्गाचे झटके कमी झाले नव्हते. 2019 च्या चाचणीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या फुप्फुसांत हवा जास्त सारखी पसरते असं दिसलं. आम्ही चालू ठेवलंय.

रडताना मूल मोठे श्वास घेतं म्हणून औषध चांगलं आत जातं, असं अनेक जण सांगतात. उलट आहे. रडताना औषध फारसं फुप्फुसात पोचत नाही. नेब्युलायझरचा मास्क चेहऱ्यापासून दूर धरून नुसती वाफ सोडणंही तितकंच निरुपयोगी. त्यामुळे गोष्ट सांगा, कार्टून लावा, पण शांत असतानाच द्या.

हातात मावणारं, आवाज न करणारं जाळीचं नेब्युलायझर मशीन आम्ही मोठ्या हौसेने घेतलं. मिठाच्या पाण्याने त्याची जाळी चोंदते. आमची काही महिन्यांत इतकी चोंदली की पाच मिनिटांचं काम पंचवीस मिनिटांवर गेलं. आता ते फक्त प्रवासाला. घरी कॉम्प्रेसरवालंच, ट्रॅक्टरसारखं घरघरतं, पण चालतं. वीज गेली की मात्र काकूंचा इन्व्हर्टर. पेप मास्कला वीजच लागत नाही, हा त्याचा गुण साताऱ्याच्या पावसाळ्यात कळतो.

आणि धुणं. कुठल्याही माहितीपत्रकात यावर दोन ओळी असतात, प्रत्यक्षात दिवसाचा सर्वांत मोठा भाग हाच आहे. प्रत्येक वापरानंतर सुटे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, दिवसातून एकदा पाच मिनिटं खळखळ उकळायचे, चिमट्याने काढून स्वच्छ पंचावर मोकळे वाळवायचे. उकळल्यावर परत नळाखाली धरायचे नाहीत. आरओचं पाणीही निर्जंतुक नसतं. हे सोवळं स्युडोमोनास नावाच्या जंतूसाठी. तो ओलाव्यात राहतो, सिंकमध्ये राहतो, आणि या मुलांच्या फुप्फुसात एकदा मुक्काम ठोकला की हलवणं कठीण. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "अगं, आपल्या घरचंच पाणी आहे, इतकं काय उकळतेस?" आता त्यांचं वेगळं पातेलं आहे, त्याला आम्हीही हात लावायचा नाही. जुलैत पंचावर टाकलेले भाग संध्याकाळपर्यंतही वाळत नाहीत, त्यामुळे दोन संच घ्यावेच लागले. बाटल्यांचा विजेवर चालणारा स्टीम स्टेरिलायझर असेल तर उकळण्याचा त्रास वाचतो, वाळवण्याचा नाही. वस्तू निवडताना तिचे सुटे भाग किती आणि त्यांतले किती उकळता येतात, हे आधी मोजा. माझ्या मते मास्क इथेच जॅकेटवर मात करतो.

जॅकेटचं प्रात्यक्षिक आम्ही पाहिलं. हवेने फुगतं, जोरात थरथरतं, पोराचा आवाज थरथरतो आणि ती खदखदून हसते. आईवडिलांचे हात मोकळे राहतात, नेब्युलायझर सोबत देता येतो. साधारण दोन वर्षांपासून वापरतात, पण छातीचा घेर पुरेसा हवा. आमचीला ते ढगळ झालं. दर काही मिनिटांनी थांबवून हफ करावाच लागतो, नाहीतर कफ हलतो नि तिथेच राहतो. कॅनडात 2013 साली आलेल्या वर्षभराच्या अभ्यासात मास्क आणि जॅकेट यांची तुलना झाली, आणि मास्क वापरणाऱ्यांना संसर्गाचे झटके कमी आले. ती मुलं आमच्या लेकीपेक्षा मोठी होती, हे खरं. तरी लाखांचं कर्ज काढायच्या आधी एवढं माहीत असावं. ज्यांच्या मुलाला मास्क तोंडाजवळ आणलेलाच चालत नाही, किंवा घरी दोनदा बसायला कुणी नाही, त्यांचं गणित वेगळं असू शकतं.

कुणाची वापरलेली वस्तू मात्र घेऊ नका, दुसऱ्या सीएफ मुलाची तर नाहीच. जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात म्हणून या मुलांना एकमेकांजवळ बसवू नये, निदान सहा फूट अंतर ठेवावं, हे डॉक्टर सांगतात तेच इथे लागू. आपण आईवडील हवं तितकं बोलू.

खोकल्यातून रक्त आलं, किंवा अचानक छातीत दुखून धाप लागली, तर मास्क बंद आणि थेट दवाखाना. दाबाचं उपकरण तेव्हा वापरायचं नसतं. एरवी दर तीन महिन्यांनी पुण्याला जाऊन दाबमापक लावून घेतो. मागच्या खेपेला काटा 10 च्या खाली रेंगाळत होता, म्हणून एक नंबर बारीक भोकाचा तुकडा दिलाय. तो जमतोय, पण शेवटच्या फेऱ्यात दमते. पुढच्या भेटीत हाच ठेवायचा की परत जुना लावायचा ते ठरेल.