खिडकीतलं जिरेनियम: झोनल, आयव्ही की रीगल?

नर्सरीत ‘जिरेनियम’ म्हणून जे रोप हातात देतात ते शास्त्राच्या हिशोबात पेलार्गोनियम. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये जिरेनियम आणि पेलार्गोनियम ही दोन्ही झाडं एका नावाखाली घातली, 1789 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिएच्या कामातून ती वेगळी झाली, पण बाजाराने जुनं नाव काही सोडलं नाही. घरात कुंडी ठेवणाऱ्याला याचा उपयोग एवढाच, की ‘जिरेनियम बर्फातही तगतं’ असं कुठे वाचलंत तर ते दुसऱ्याच झाडाबद्दल आहे. आपल्या झाडाच्या बहुतेक मूळ जाती दक्षिण आफ्रिकेच्या. भरपूर ऊन, गार रात्र आणि झरझर निचरा होणारी जमीन ही त्यांची सवय.

युरोपात ही कुंडी घरात घेतात ती हिमाच्या धास्तीने. आपल्याकडे घरात घ्यायची ती पावसाच्या. कोणता प्रकार घ्यायचा हे त्यामुळे रंग बघून ठरवू नका. तुमच्या खिडकीत ऊन किती वेळ येतं, हिवाळ्यात रात्री पारा किती उतरतो आणि जून ते सप्टेंबर ते झाड कुठे राहणार, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी काढा.

| | झोनल | आयव्ही | रीगल |
|---|---|---|---|
| पान | गोल, मऊ लव, मधे गडद कडं | जाड, चकचकीत, पाच कोनांचं | खरबरीत, दातेरी, कडं नाही |
| वाढ | उभी, झुडपासारखी | लोंबती | उभी, पसरट |
| कळीसाठी थंडी | अट नाही | अट नाही | 15 अंशांखालच्या रात्री, 4 ते 6 आठवडे |
| ऊन | 5-6 तास | 4-5 तास, दुपारचं नको | 4-5 तास, कोवळं |
| नेहमीचं दुखणं | खोडकूज, तांबेरा | पानामागे खडबडीत फोड | पांढरी माशी, मावा |

आधी खिडकी बघा

पूर्वेची खिडकी तिन्ही प्रकारांना चालते. सकाळी साडेसात ते अकराचं ऊन मिळालं आणि काच किंवा जाळी उघडी राहिली की निम्मं काम झालं. दक्षिणेच्या खिडकीबद्दल मात्र लोक फसतात. 21-22 डिसेंबरला पुण्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो. दोन फुटी छज्जा असला तरी त्याची सावली खिडकीच्या वरच्या सव्वादोन फुटांवरच पडते, खालच्या कट्ट्यावर ऊन येतं. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही खिडकी उत्तम. पण साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या कट्ट्यावर थेट ऊन जवळजवळ नाही, वर पावसाळी ढग. जानेवारीत फुललेलं झाड जुलैत बांबूसारखं सरळसोट का वाढलं, याचं कारण खतात शोधू नका.

पश्चिमेची खिडकी हिवाळ्यात चालते, एप्रिल-मेमध्ये पानांच्या कडा भाजते. फक्त उत्तरेचीच खिडकी असेल तर फुलांसाठी दिवे लागतील: चार फुटी 20 वॉटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब, शेंड्यापासून 15-20 सेंमीवर, रोज 14 तास. त्यात झाड आटोपशीर राहतं, फुलं मात्र बेताची.

झोनल: बहुतेकांनी हेच घ्यावं

झोनलला कळी धरायला थंडीची अट नाही आणि दिवस लहान की मोठा याच्याशीही देणंघेणं नाही. उजेड साठत गेला की कळी येते. मुंबईतल्या हिवाळ्यातही, जिथे रात्र फारशी गार होत नाही, ते फुलतं. दिवसाचं तापमान 32-33 च्या वर जाऊ लागलं की फुलं लहान होतात, मग थांबतात. मरत नाही, थांबतं. एप्रिल-मेमध्ये खत बंद करा, सकाळचं ऊन तेवढं द्या, फुलांची अपेक्षा सोडा.

खरा निर्णय झोनलच्या आतच आहे: बियांचं रोप की छाट कलमाचं? बियांची रोपं बहुधा एकेरी पाकळ्यांची. फूल उमलून चार-सहा दिवस झाले की पाकळ्या आपोआप गळतात, खाली सांडतात, रोज कट्टा पुसायचा. कलमाची रोपं बरेचदा दुहेरी किंवा निमदुहेरी. त्यांच्या पाकळ्या गळत नाहीत, गुच्छातच चिकटून वाळतात. कोरड्या हवेत हे बरं, पण दमट हवेत त्याच गुच्छात राखाडी बुरशी धरते आणि एक सडका गुच्छ खालच्या पानावर पडला की पानालाही गोल तपकिरी डाग पडतो. त्यामुळे पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरसारख्या कोरड्या हिवाळ्यात दुहेरी घ्या. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोव्यात एकेरी बरं; पाकळ्या झाडणं बुरशी निस्तरण्यापेक्षा सोपं.

बी घरी पेरायचं असेल तर 21-24 अंशांत आठवडा-दहा दिवसांत उगवतं आणि फूल यायला 13 ते 16 आठवडे लागतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलं तर जानेवारीअखेर फूल. त्यानंतर पेरलेलं रोप कळीवर यायला आणि उन्हाळा तापायला एकच गाठ पडते.

आयव्ही: ग्रिलला शोभतं, पाण्यावर रुसतं

लोंबत्या कुंडीत आयव्हीसारखं काही नाही, पण हे झाड चुकांना झोनलइतकं सांभाळून घेत नाही. देठ काचेसारखे ठिसूळ. येता-जाता धक्का लागणाऱ्या जागी टांगू नका.

पावसाळ्यात पान उलटं करून बघा. मागच्या बाजूला आधी पाणी भरल्यासारखे बारीक फोड दिसतात, आठवड्या-दोन आठवड्यांत ते तपकिरी, खडबडीत, बुचाच्या भुशासारखे होतात. बोट फिरवलं की लागतात. हा बहुतेक वेळा रोग नसतो. हवा दमट, ऊन नाही, माती ओली. मुळं पाणी ओढतात तेवढं पानातून उडत नाही आणि आतल्या पेशी फुटतात. औषध मारून उपयोग शून्य. पाणी कमी करा, सकाळीच द्या, पंख्याचा हलका वारा लागू द्या. जुनी पानं तशीच राहतात, नवी स्वच्छ येतात.

दुसरा मुद्दा मातीच्या सामूचा (pH), आणि इथे झोनल आणि आयव्ही चक्क उलट वागतात. आयव्हीला 5.5 ते 6.2 सामू मानवतो. बोअरच्या जड पाण्याने सामू चढतो, लोह मिळेनासं होतं, नवी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. तिथे चिलेटेड (मुळांना सहज मिळेल अशा रूपातलं) लोह द्यायला हरकत नाही. झोनलला मात्र 6 ते 6.5 सामू लागतो. त्याखाली ते लोह आणि मँगनीज गरजेपेक्षा जास्त ओढतं आणि खालच्या पानांवर तांबूस ठिपके उठतात. ठिपके बघून अजून सूक्ष्म अन्नद्रव्यं घातली की दुखणं वाढतं. दोन्ही कुंड्या शेजारी असल्या तरी एकाच बाटलीतलं औषध दोघांना नको.

रीगल: देखणं, पण थंडीवर अडलेलं

पाच ते आठ सेंमीचं फूल, वरच्या पाकळ्यांवर गडद डाग, रेशमी पोत. नर्सरीत फुललेलं दिसलं की हात पुढे जातोच. पण कळी धरायला याला महिना-दीड महिना 15 अंशांखालच्या रात्री लागतात. नाशिक, पुण्याचा उपनगरी भाग, महाबळेश्वर-पाचगणी इथे नोव्हेंबर-जानेवारीत खिडकी रात्री उघडी ठेवली तर हे जमतं. बंद खोलीत नाही जमत, कारण बाहेर 11 असलं तरी आत 19-20 असतात. मुंबईत फुललेलं रीगल आणलंत तर ते बुके समजून आणा: तीन-चार आठवडे शोभा, पुढच्या वर्षी निव्वळ पानं.

रीगलची छाटणी बहर ओसरल्यावर लगेच. डिसेंबर-जानेवारीत शेंडे खुडले की होणाऱ्या कळ्याच खुडल्या जातात. झोनलला शेंडा खुडून फांद्या वाढवायची सवय असलेले लोक नेमकं हेच करतात. पांढरी माशी याच्यावर तुटून पडते. दर चार-पाच दिवसांनी पानामागे बघा, दिसली तर 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, आधी एका पानावर मारून बघून. तांबेरा मात्र रीगल आणि आयव्हीला सहसा होत नाही, तो झोनलचा भोग.

लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना रीगलचा हिशोब सोपा जातो. हीटर नसलेल्या, 8 ते 12 अंशांच्या उजेडी खोलीत हिवाळा काढला की वसंतात बहर. 22 अंशांच्या दिवाणखान्यात ठेवलेलं झाड नुसतं लांबत जातं.

झोनल आणि आयव्हीच्या संकराच्या जाती, कॅलिओपी त्यातली माहितीची, मिळाल्या तर जरूर बघा. उकाडा दोन्ही आईबापांपेक्षा बरा सोसतात आणि देठ आयव्हीइतके मोडत नाहीत.

सुगंधी जिरेनियम, ज्याची शेती महाराष्ट्रात तेलासाठी होते, ते फुलांसाठी घेऊ नका. फूल फिकट, इवलंसं. डास पळवणारं झाड म्हणून विकतात तेही त्याच घराण्यातलं. कोपऱ्यात नुसतं ठेवून डास जात नाहीत.

माती, पाणी, खत

2 भाग धुतलेलं कोकोपीट, 1 भाग पोयटा, 1 भाग परलाइट किंवा जाड धुतलेली रेती, 1 भाग जुनं गांडूळखत. काळी माती अजिबात नको. 4 इंची कुंडीतून 6 इंचीत, बस. मोठी कुंडी म्हणजे न वापरलं जाणारं ओलं मिश्रण, आणि मुळं थोडी आवळलेली असली की फूल जास्त येतं.

6 इंची कुंडीला एका वेळी पाव लिटर ते 300 मिली पाणी, तळातून थेंब येईपर्यंत. बशीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. पुढचं पाणी वरची बोटभर माती कोरडी झाल्यावर. हिवाळ्यात ते तीन-चार दिवसांनी येतं, जुलैत कदाचित दहा दिवसांनी. तारखेवर पाणी घालणाऱ्यांची झाडं पावसाळ्यात जातात.

वाढीला 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश) विद्राव्य खत 1 लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. कळ्या दिसल्या की 13:00:45 त्याच प्रमाणात. आयव्हीला यापेक्षा जास्त नको. फूल नाही आणि पानं तळहाताएवढी असतील तर नत्र जास्त किंवा ऊन कमी, बहुधा दोन्ही.

झाड कोमेजलं आणि माती ओली असेल तर पाणी घालू नका, आधी बुंधा बघा. मातीलगतचं खोड काळं, ओलसर, चकाकणारं असेल तर ती खोडकूज. खालचा भाग वाचत नाही. वर हिरवा, आतून पांढरा दिसेल तिथे कापून कलम लावा. बुंधा स्वच्छ, पण पानाच्या कडेपासून आत निमुळता होत जाणारा पिवळा पाचर असेल तर जिवाणूजन्य करपा समजा. झाड मातीसकट फेका, कात्री स्पिरिटने पुसा. आयव्हीत हा रोग कोमेजल्याशिवायही दडून राहतो, म्हणून नवं आयव्ही जुन्या झोनलजवळ ठेवण्याआधी तीन-चार आठवडे वेगळं ठेवा.

मेमध्ये पाकळ्या एका रात्रीत गळल्या तर जवळपास आंब्याची आढी किंवा पिकती केळी आहेत का बघा. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू पेलार्गोनियमला अजिबात सोसत नाही. मांजर किंवा कुत्रं कुंडी कुरतडत असेल तर उंचावर टांगा, पानं त्यांना बाधतात.

कलम करून ठेवा

झोनल दोन-तीन वर्षांत लाकडासारखं होतं, म्हणून दर फेब्रुवारीत दोन-तीन छाट कलमं करावीत. बिनफुलाचा 8-10 सेंमीचा शेंडा पेराच्या जरा खाली कापा, वरची दोन-तीन पानं ठेवा, देठाच्या बुडाशी असलेली कागदी खवलीही काढा, कारण सड तिथूनच सुरू होते. चार-पाच तास सावलीत पडू द्या. मग कोकोपीट आणि परलाइट निम्मं-निम्मं, ओलसर, त्यात रोवा. प्लास्टिकची पिशवी घालू नका. गुलाबाला चालते, इथे कुजवते. झोनल-आयव्ही तीन आठवड्यांत मूळ धरतात, रीगल थोडं रेंगाळतं.

नर्सरीत उभं असताना

सगळं उमललेलं रोप सोडा, दोन-तीन गुच्छ कळीत असलेलं आणि बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं उचला. पान उलटून खडबडीत फोड, तांबड्या पुळ्या आणि पांढरी माशी बघा. काळ्या पिशवीतलं रोप बहुधा चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतं. तो गोळा तसाच नव्या मिश्रणात ठेवला तर पाणी बाजूने निघून जातं. बाहेरचं मिश्रण ओलं, आतली मुळं कोरडी. घरी आणल्यावर आठवडाभर तसंच राहू द्या, मग गोळा अर्धा तास पाण्यात भिजवून बाहेरची तिसरा हिस्सा माती बोटांनी सोडवा, मुळं न तोडता, आणि त्यानंतरच कुंडीत लावा.