म्हापसा-पणजी प्रायव्हेट लोकल बस: ५ पैकी साडेतीन (तिकीट देत नाहीत पण पोचवतात)

चार वर्षं रोज जातोय येतोय या गाड्यांनी, स्कूटर घ्यायची घ्यायची म्हणून राहूनच गेली, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे असं समजतो. मी सावंतवाडीचा, लाल डब्यात वाढलेलो. आमच्याकडे बस म्हणजे एसटी, आगार, पिवळी पाटी आणि चौकशीच्या खिडकीत कोणी नाही. इथे आल्यावर पहिला आठवडा मी "यांचं ऑफिस कुठाय, टाइमटेबल कुठे लावलंय" असंच विचारत होतो आणि लोक माझ्याकडे बघून हसत होते. ऑफिस नाहीच ओ. एक मालक, एक गाडी, फार तर दोन. काचेवर मुलीचं नाहीतर देवाचं नाव, मालक बरेचदा स्वतःच स्टेअरिंगवर आणि कंडक्टर त्याचाच भाऊ नाहीतर भाचा. झाली कंपनी.

माझी आजी एसटीच्या आधीच्या गाड्यांना 'सर्व्हिस मोटार' म्हणायची, सीटा भरल्याशिवाय हलायची नाही, ओळखीचा माणूस धावत येताना दिसला की थांबायची वगैरे. महाराष्ट्रात १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी सुटली आणि मग एकेक रूट सरकारकडे जात ती दुनिया संपली. गोव्यात ती संपलीच नाही, हे मला इथे येऊन कळलं. पोर्तुगीज १९६१ च्या डिसेंबरात गेले पण त्यांचा शब्द राहिला, आमच्या ऑफिसातले जुने लोक अजून बसला 'कारेर' म्हणतात. तेव्हा बऱ्याच नद्यांवर पूल नव्हते, म्हणजे गाडी धक्क्यापर्यंत, मग उतरून फेरीबोट, पलीकडे दुसऱ्या मालकाची गाडी. पणजीला मांडवी नदीवर पूल झाला १९७० ला, आणि तोसुद्धा ५ जुलै १९८६ ला कोसळला! ऑफिसातले एक काका तेव्हा कॉलेजला होते, ते सांगतात की पुन्हा बेतीला, म्हणजे पणजीच्या समोरच्या काठावर, उतरून फेरी धरायची वेळ आली, नवीन पूल यायला १९९२ उजाडलं. कुठ्ठाळीजवळ झुआरी नदीवर तर १९८३ पर्यंत पूलच नव्हता, मडगावची माणसं कुठ्ठाळी-आगशी फेरीने यायची.

आता खरी गंमत. १९७८-७९ ला विद्यार्थ्यांनी बसमध्ये अर्धं तिकीट मिळावं म्हणून मोठं आंदोलन केलं, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. सगळी वाहतूक प्रायव्हेट मालकांच्या हातात, तर सवलत कोण देणार आणि कुणाच्या खिशातून? त्यातून पुढे १९८० ला कदंबा, म्हणजे गोव्याची सरकारी बससेवा, उभी राहिली. आपल्याकडे असतं तर प्रायव्हेटवाले तिथेच घरी बसले असते. इथे आज पणजीच्या 'कदंबा स्टँड'वरच प्रायव्हेट गाड्या लागतात, आणि आता तर 'म्हजी बस' म्हणून योजना आहे ज्यात कदंबाच प्रायव्हेट गाड्या आपल्याकडे घेऊन चालवते. ज्यांना पर्याय म्हणून आली त्यांच्याच गाड्या!

असो, सर्व्हिसचं बोलू. चांगलं काय तर गाडीसाठी थांबावं लागत नाही. दिवसा एक गेली की मागे दुसरी आहेच. पर्वरी असो गिरी असो, "राव" (थांब) म्हटलं की पत्र्यावर थाप पडते आणि गाडी उभी. कंडक्टरला रोजचा माणूस कुठे उतरणार ते पाठ असतं, मी झोपलो की मला उठवतो. एकदा माझा डबा सीटवर राहिला तर दुसऱ्या दिवशी घासून परत दिला, मी काय बोलणार यावर.

वाईट म्हणजे हीच पद्धत उलटी अंगावर येते. मागची गाडी दिसेपर्यंत बैलगाडीसारखं रेंगाळायचं, दिसली की मग विमान. उभ्यांना "फाटीं वच, फाटीं वच" करत मागे ढकलतात, मागे जागा असो नसो. सीटा इतक्या चिकटून की माझे गुडघे पुढच्याच्या पाठीत. तिकीट मागितलं तर असं बघतात जसं मी त्यांचं रेशनकार्ड मागतोय. आणि संध्याकाळी आठनंतर सगळा उत्साह संपतो. एकदा पावसात मी स्टँडवर होतो, एक गाडी अर्धी रिकामी असून थांबली नाही, कंडक्टर दारातून ओरडला "फाटल्यान आसा". मागे काहीच नव्हतं. पाऊण तास उभा राहून शेवटी टॅक्सी केली, त्या भाड्यात महिनाभराचा चहा झाला असता. मालकाचं बरोबर आहे म्हणा, तीन माणसांसाठी डिझेल कोण जाळणार, पण त्या तीन माणसांत मी होतो ना. या एका गोष्टीत एसटी परवडली, रिकामी का होईना पण शेवटची गाडी सुटते.

गाणी मोठ्याने असतात, हेडफोनचा उपयोग नाही. एका गाडीत गणपती आणि सायबिण माय (मदर मेरी) शेजारी शेजारी, दोघांना एकच हार, ती माझी आवडती गाडी.

नवीन माणसाने शुक्रवारी सकाळी म्हापशाहून बसू नये, बाजार असतो, केळी, पोती आणि सुक्या मासळीच्या टोपल्या सगळं आत येतं. आणि सुटे पैसे हातात ठेवा, पाचशेची नोट काढली तर उतरेपर्यंत लेक्चर ऐकावं लागेल.