सुरणाच्या बुंधाकुजीवर ट्रायकोडर्मा: जांभळी नाक्याजवळच्या दुकानाचा अनुभव

गेल्या वर्षी श्रावणात मुरबाडच्या आमच्या वाडीत गेले, तर 60 सुरणांपैकी 22 आडवी. एक दांडा उचलला तसा मातीलगतचा भाग मऊ होऊन हातातच आला. त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. ही स्क्लेरोशियम बुरशीची बुंधाकूज. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे नुसतं झाड उपटून भागत नाही. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, तेव्हाही वापरला होता, पण तो दुसरीकडचा, दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेला. तारीखही पाहिली नव्हती. फार जीव तुटला.

यंदा एप्रिलअखेर ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या बी-बियाण्यांच्या दुकानात गेले. काकांनी पाकीट आतल्या थंड खोलीतून आणलं आणि पैसे घेण्याआधी तारीख दाखवली. म्हणाले, "ताई, ही जिवंत बुरशी आहे. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकात मिसळलीत तर मरेल." कोनफळाच्या वेलाची पानं करप्याने काळी पडतात, त्यालाही हीच मारू का, असं विचारलं. "नाही, ते पानावरचं दुखणं, याने थांबायचं नाही," म्हणाले. जास्तीचं पाकीट गळ्यात मारलं नाही, तिथेच माझा विश्वास बसला.

किलोमागे 5 ग्रॅम भुकटी शेणकाल्यात कालवून बेणं त्यात बुडवलं आणि सावलीत सुकवलं. प्रत्येक फोडीला डोळ्याचा भाग आहे ना, ते आधी बघितलं. उरलेली भुकटी शेणखत आणि निंबोळी पेंडीत मिसळून ओल्या गोणपाटाखाली आठ दिवस ठेवली. वर पांढुरकी बुरशी धरली तसं ते खत आळ्यात टाकलं.

यंदा 60 पैकी 4 गेली, आणि चारही खालच्या बांधालगतची, जिथे पाणी तुंबतं. तो दोष भुकटीचा नाही, चर काढायला हवा होता. खरी तक्रार पाकिटाबद्दल आहे: मराठीत एक ओळ नाही, आणि अक्षर इतकं बारीक की सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता येईना. काकांनी प्रमाण कागदावर लिहून दिलं म्हणून निभावलं.

पुढच्या एप्रिलला दोन किलो घेणार, एक जाऊबाईंना. आधीपासून आणून ठेवणार नाही.