बेघर निवारा केंद्र: चार रात्रींचा अनुभव

रात्रीचे जेवण वाढण्यासाठी आमच्या वस्तीतील काही जण महिनाभर आळीपाळीने शहरातील एका निवारा केंद्रात जात होतो. माझ्या वाट्याला त्यातल्या चार रात्री आल्या. जागा महापालिकेची, दैनंदिन कारभार एका स्वयंसेवी संस्थेचा.

प्रथम चांगले ते सांगतो. शहरी गरिबांसाठी २०२४ पर्यंत चाललेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष निवाऱ्यात प्रत्येक व्यक्तीला किमान ५० चौरस फूट जागा असा होता, आणि येथे खाटा खरोखरच पुरेशा अंतरावर होत्या. चादरी धुतलेल्या, स्वच्छतागृह वापरण्याजोगे आणि प्रत्येकाला कुलूप लावता येईल असा कप्पा. पदपथावर झोपणाऱ्याची कागदपत्रे आणि दिवसभराची कमाई सर्वांत आधी चोरीला जाते, म्हणून हा कप्पा मला खाटेइतकाच मोलाचा वाटतो.

मात्र दाराशी आधार कार्ड मागितले जाते, हे मला मुळीच पटले नाही. ज्याला पत्ताच नाही त्याने कोणता पुरावा दाखवायचा? शिवाय केंद्र केवळ पुरुषांसाठी असल्याने, मुलाबाळांसह आलेले एक कुटुंब माझ्यासमोर परत गेले. सकाळी आठला सर्वांना बाहेर काढतात, आजाऱ्यांनाही. लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही चोवीस तास खुला असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले होते.

जेवण देऊ इच्छिणाऱ्यांनी आदल्या दिवशी व्यवस्थापकांना कळवावे. शिळे अन्न किंवा फाटके कपडे कृपया नेऊ नयेत.