ला पाझला जाताय? तोतया पोलिसांची वेळ ठरलेली असते

बोलिव्हियाची संविधानातली राजधानी सुक्रे, पण सरकार चालतं ला पाझमधून. या ला पाझचा विमानतळ शहराच्या डोक्यावर आहे, एल आल्तोच्या पठारावर, ४,०६० मीटर उंचीवर. शहर त्याच्या खाली वाडग्यासारख्या दरीत, ३,६०० मीटरच्या आसपास. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे विमानाच्या दारातून पाऊल टाकताच तुम्ही एकावर एक ठेवलेल्या दोन कळसूबाईंवर आणि वर आणखी अर्ध्यावर उभे असता. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. त्यात मुंबईहून निघून दोन-तीन विमानं बदललेली, झोप मोडलेली, आणि बरीच विमानं इथे उतरतात ती मध्यरात्री किंवा पहाटे. डोकं ठणकत असतं, बॅग उचलली की धाप लागते, साधा सातचा पाढाही अडखळतो.

भामट्यांना गिऱ्हाईक हवं असतं ते नेमकं या अवस्थेतलं. उंचीचा त्रास डॉक्टरांना विचारायचा आणि फसवणुकीचं पुढचं पुढे बघू, अशी विभागणी करून लोक निघतात आणि पहिल्या चोवीस तासांतच टोपी घालून घेतात. म्हणून टॅक्सी, पैसे, औषध, सगळं घरी बसून, डोकं ठिकाणावर असताना ठरवून घ्या. तिथे उतरल्यावर फक्त ठरलेलं पाळायचं.

सगळ्यात जुना आणि अजून चालणारा डाव तोतया पोलिसांचा. आपल्याकडे ‘पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा’ म्हणणारे तोतये असतात ना, त्याच घराण्यातला, फक्त इथे दागिन्यांऐवजी पासपोर्ट. तो कसा रंगतो ते नीट बघा. बस स्टँडजवळ, सान फ्रान्सिस्को चौकात किंवा सागार्नागा रस्त्यावर एक हसतमुख माणूस शेजारी चालू लागतो. तोही पर्यटकच असतो म्हणे, पेरूचा किंवा एक्वादोरचा. हातात नकाशा, थोडं इंग्रजी, काही मागत नाही. ‘इंडिया? वा!’ पाच मिनिटांत साध्या कपड्यांतला दुसरा माणूस आडवा येतो, प्लॅस्टिकच्या पाकिटातलं फोटोचं ओळखपत्र झटकन दाखवून झटकन खिशात घालतो. अमली पदार्थांची तपासणी चालू आहे, ‘पासापोर्ते, पोर फावोर.’

आता खरी मेख. तुम्ही काही बोलायच्या आत तो हसतमुख सोबती मुकाट आपला पासपोर्ट काढून देतो, पाकीट उघडतो. ‘साहेब’ त्याच्या नोटा मोजतो, खोट्या आहेत का म्हणून उजेडात धरतो आणि सगळं जसंच्या तसं परत करतो. तुमच्या डोळ्यांसमोर एकाची तपासणी सुखरूप पार पडलेली असते. मग तुमची पाळी. इथून दोन फाटे फुटतात. एक, नोटा मोजता मोजता हातचलाखीने निम्म्या लंपास होतात आणि हे तुम्हाला हॉटेलात कळतं. दुसरा फाटा वाईट: ‘चौकीवर यावं लागेल’, आणि टॅक्सी जणू योगायोगाने तिथेच उभी असते. ड्रायव्हर त्यांचाच. चौकी म्हणजे कधी कधी टेबल-खुर्ची मांडलेली भाड्याची खोलीसुद्धा असते.

यावर उतारा एकच आणि तो पाठ असायला हवा: गाडीत बसायचं नाही. चालत कुठेही येतो म्हणायचं. बोलिव्हियाच्या कायद्यानुसार तुमची झडती घ्यायला किंवा तुम्हाला ताब्यात घ्यायला पोलिसांकडे ‘फिस्काल’चा, म्हणजे सरकारी वकिलाचा, लेखी आदेश लागतो. खरा पोलीस ओळख विचारू शकतो, त्याला पासपोर्टची झेरॉक्स दाखवायची आणि मूळ प्रत हॉटेलात आहे म्हणून सांगायचं: ‘एस्ता एन एल ओतेल.’ आणि ती खरोखर हॉटेलच्या तिजोरीतच ठेवायची. तोंडाने बोलता बोलता पाय जवळच्या बँकेकडे, दुकानाकडे किंवा फुटपाथवरच्या टपरीकडे वळवायचे. चार माणसांत उभं राहिलं की तोतयाला घाई होते. पोलिसांचा नंबर ११०, आणि पर्यटक पोलिसांचं कार्यालय एर्नान्दो सिलेस स्टेडियमच्या समोर आहे. हत्यार दिसलं तर मात्र वाद घालू नका, द्या आणि मोकळे व्हा. २००६ साली अशाच टोळीच्या तावडीत सापडलेल्या एका ऑस्ट्रियन जोडप्याचा खून झाला होता, म्हणून हे गमतीत घेण्यासारखं नाही.

टॅक्सीचं प्रकरण याच डावाचा दुसरा हात आहे. ला पाझमध्ये साध्या टॅक्सीत वाटेत इतर माणसं घेणं ही तिथली रीतच आहे, शेअर रिक्षासारखी. म्हणूनच भामट्यांचं फावतं. मध्येच एक ‘प्रवासी’ चढतो, पुढच्या वळणावर दुसरा, आणि मग दारं आतून उघडत नाहीत. एटीएमवर नेऊन पैसे काढायला लावतात. यात एक बारीक हिशेब असतो: मध्यरात्रीच्या थोडं आधी एकदा आणि मध्यरात्र उलटल्यावर पुन्हा एकदा, म्हणजे दोन दिवसांची मर्यादा एकाच रात्रीत निघते.

याला पर्याय रेडिओ टॅक्सीचा, म्हणजे फोन करून मागवायच्या कंपनीच्या टॅक्सीचा. ती ओळखायची खूण म्हणजे टपावर कंपनीचं नाव आणि फोन नंबर असलेला दिवा. ती फक्त तुमच्यासाठी असते आणि भाडं माणशी नसतं, फेरीचं असतं. मीटर नाही, त्यामुळे रक्कम बसण्याआधी ठरवायची. पण दिवा बाजारात मिळतो, नुसत्या दिव्यावर भरवसा नको. रस्त्यावर हात दाखवून थांबवण्यापेक्षा हॉटेलला किंवा जेवलात त्या हॉटेलवाल्याला फोन करून मागवायला सांगा, नाहीतर अ‍ॅपवरून बोलवा आणि नंबरप्लेट जुळवा. रात्रीचं विमान असेल तर हॉटेलची गाडी आधीच सांगून ठेवा, चार पैसे जास्त गेले तरी. रेडिओ टॅक्सी दुसऱ्या कुणासाठी थांबली की पैसे टेकवून तिथेच उतरायचं, भिडेखातर बसून राहायचं नाही. आपण मराठी माणसं या भिडेपायीच जास्त फसतो.

कोपाकाबानाहून, म्हणजे तितिकाका सरोवराकडून, येणाऱ्या बस दफनभूमीच्या भागात सोडतात. त्या भागाचं नावच सेमेन्तेरिओ. तिथे उतरल्यावर टॅक्सीवाले आणि ‘सोबती’ दोन्ही घोळक्याने असतात. तिथून जवळच केबल कारच्या लाल मार्गाचं स्थानक आहे. २०१४ पासून चालू असलेली ही केबल कार इथली लोकल समजा. सामान आवरतं असेल तर टॅक्सीची वाट बघण्यापेक्षा तिच्यात बसून मध्यवर्ती स्थानकावर उतरा. शक्यतो उजेडी पोहोचणारी बसच निवडा.

निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये एक काम करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून कार्डाचा परदेशातला वापर आपल्याला चालू-बंद करता येतो आणि मर्यादाही ठरवता येते. बाहेर न्यायच्या कार्डाची एटीएम मर्यादा दहा-पंधरा हजार रुपयांवर आणा, बाकी कार्डांचा परदेशी वापर बंद. दुसरं कार्ड वेगळ्या बॅगेत. खिशात एक जुनं पाकीट, त्यात थोडे बोलिव्हियानो, म्हणजे तिथलं चलन, आणि मुदत संपलेलं कार्ड, द्यायची वेळ आली तर द्यायला.

आता पैसे बदलणं. २०११ पासून कित्येक वर्षं डॉलरचा सरकारी भाव ६.९६ बोलिव्हियानो असा ठोकून बसवलेला होता. २०२३ पासून देशात डॉलरची टंचाई झाली आणि रस्त्यावरचा भाव सरकारी भावाच्या बराच वर गेला. जुन्या प्रवासवर्णनातला भाव मनात धरून गेलात तर पहिलाच माणूस ‘तुमच्यासाठी आठ’ म्हणून तुम्हाला खूश करून चुना लावेल. निघायच्या आठवड्यात दोन्ही भाव बघा, आणि तिथे तीन दुकानांत विचारल्याशिवाय नोट बाहेर काढू नका. कामाचो रस्त्यावर पैसे बदलणारे भरपूर आहेत. छत, काउंटर आणि पाटी असलेल्या दुकानातच जा.

काउंटरवरची हातचलाखी अशी: तुम्ही शंभरची कोरी नोट देता, तो ती खाली नेऊन न्याहाळतो, मान हलवतो, ‘फाटकी आहे, चालणार नाही’ म्हणून परत देतो. परत आलेली नोट तुमची नसते. बारीकशी चीर असलेली डॉलरची नोट या देशात कुणी घेत नाही, त्यामुळे ती त्याने तुमच्या गळ्यात मारलेली असते. उपाय अगदी सोपा: घरून निघताना प्रत्येक नोटेचा, क्रमांक दिसेल असा, फोटो काढून ठेवा आणि काउंटरवर आधी त्याचे बोलिव्हियानो आपल्या हातात मोजून घ्या, मग आपली नोट सोडा. त्याने मोजून दुमडून दिलेली गड्डी पुन्हा मोजायची. दुमडलेली नोट दोन्ही टोकांनी मोजली की एकाच्या दोन होतात, हे खूळ आपल्याकडेही आहेच.

औषधांत फसवणूक थोड्या पैशांची, पण नुकसान मोठं. विमानतळावर आणि औषधाच्या दुकानांत ‘सोरोची’ची गोळी मिळते. सोरोची म्हणजे तिथल्या बोलीत उंचीचा त्रास. गोळीत मुख्यतः अ‍ॅस्पिरिन आणि कॅफिन. डोकेदुखी उतरते, पण शरीर उंचीला सरावायला तिची मदत नाही, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी ती परस्पर घेऊच नये. ऑक्सिजनचे छोटे डबे हा आणखी एक धंदा. स्वस्थ बसलेला माणूसही मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, आणि डब्यात असतात जेमतेम काही लिटर. पैसे मिनिटांत हवेत, अगदी शब्दशः.

उपयोगाचं औषध आपल्याकडेच मिळतं: अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स. सर्वसाधारण प्रमाण १२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या गोळीची अर्धी, सकाळ-संध्याकाळ, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, पोहोचल्यावर आणखी दोन दिवस. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा पानचट लागतो, त्याने घाबरू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गोळीपेक्षा मार्ग नीट आखणं जास्त कामाचं. थेट एल आल्तोला उतरण्याऐवजी सांता क्रूझला उतरा, ते जेमतेम ४०० मीटरवर आहे. मग सुक्रेला, २,८०० मीटरवर, दोन-तीन रात्री, आणि त्यानंतर ला पाझ. शरीरही सरावतं आणि पोलिसांचा खरा हिरवा गणवेशही तोवर नजरेला ओळखीचा होतो. पडून असतानाही धाप लागली, खोकल्यातून फेस आला किंवा चालताना झोकांड्या जाऊ लागल्या तर कुणाच्या काढ्याची वाट न बघता ऑक्सिजन असलेलं हॉस्पिटल गाठा आणि लवकरात लवकर खाली उतरा.

सहली विकणारी दुकानं सागार्नागावर ओळीने आहेत. बहुतेक दुकानं गिऱ्हाईक गोळा करून दुसऱ्याच्या गाडीत बसवतात. उयुनीच्या मिठागराची सहल ‘इंग्रजी बोलणारा गाइड, शाकाहारी जेवण’ म्हणून विकली जाते आणि तिथे पोहोचल्यावर ड्रायव्हर म्हणतो, मला कुणी काही सांगितलं नाही. पावतीवरच लिहून घ्या: गाडी चालवणारी कंपनी कोणती, एका जीपमध्ये माणसं किती, वाटेतल्या अभयारण्याचं प्रवेश तिकीट धरलंय की वेगळं, रात्रीला स्लीपिंग बॅग आहे का, जेवणात मांस नको. ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणून गाजलेल्या युंगास रस्त्यावरची सायकल सफर ४,६०० मीटरच्या वरून सुरू होऊन १,२०० मीटरपर्यंत उतरते, दिवसभर नुसता उतार. तिथे स्वस्तातली सायकल म्हणजे झिजलेले ब्रेक पॅड. पैसे भरण्याआधी सायकल बघायला मागा, दोन्ही ब्रेक दाबून चाक ढकलून बघा, हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं हवं. दाखवायला टाळाटाळ केली की पुढचं दुकान. सान पेद्रो चौकात ‘तुरुंग आतून दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या वाटेला तर जाऊच नका. ती सहल बेकायदा आहे, पैसे बुडाले तर तक्रार तरी कुठे करणार?

व्हिसाचा अर्ज भरताना संकेतस्थळाचा शेवट बघा. बोलिव्हियाच्या सरकारी संकेतस्थळांचा पत्ता ‘डॉट गोब डॉट बो’ने संपतो. ठळक अक्षरांत ‘बोलिव्हिया व्हिसा’ लिहिलेलं आणि डॉट कॉमने संपणारं पान हे मधल्या दलालाचं. शंका आली तर दिल्लीतल्या बोलिव्हियन दूतावासाला विचारा.

पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लशीत फसवणूक आपल्याच गावात होते. इंजेक्शन न देता लशीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक शिक्का मारून देणारे दलाल भेटतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, मुंबईत विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाचं केंद्र त्यातलं एक. घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग तो आयुष्यभर चालतो. साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. बोलिव्हिया पीतज्वराच्या देशांत मोडत असल्यामुळे हा दाखला परतताना भारतात मागतात, आणि तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणि हो, बॅगेत कोकाच्या (ज्यापासून कोकेन बनतं त्या झुडपाच्या) पानांची पुडी, त्याच पानांच्या चहाच्या पिशव्या किंवा चघळायच्या गोळ्या राहिलेल्या नाहीत ना, तेही विमानात बसण्याआधी तपासा. ला पाझमध्ये त्या कायदेशीर आहेत, मुंबईच्या कस्टम्सला तेच पान अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं.